एक ते सात

विडी घरकुलातल्या बोळात मी फाइल घेऊन उभी,
उन्हाकडे पाठ करून.
बत्तीस विधानं, प्रत्येकापुढे सात चौकोन:
‘अजिबात नाही’पासून ‘अगदी पुरेपूर’पर्यंत.

नरसूबाई गाजूल म्हणाल्या, “बसा की,”
आणि मांडीवरचं सूप न हलवता
पायानं पाट माझ्याकडे सरकवला.

पहिलं वाचलं:
जवळचं माणूस दूर गेलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.
त्यांनी ओल्या फडक्यातून पान काढलं,
त्यावर पत्र्याचा फरमा ठेवला, कात्री फिरवली.
“दूर म्हणजे किती ओ?
बाळीवेशीपर्यंत, का भिवंडीपर्यंत?”

फॉर्मात अंतर दिलेलं नव्हतं.

“आमचे हे अकरा वर्षं भिवंडीला होते, मागावर.
जाताना कडक भाकरी बांधून द्यायची मी,
चाळीस-चाळीस.
भाकरी संपली की पत्र यायचं.
मग मी पंचवीसच द्यायला लागले.”

पेन्सिल पाचावर नेली. सहावर.
मग नुसतीच हवेत धरून ठेवली.

कुणी फार जवळ आलं की मला अवघडल्यासारखं होतं.
त्या सुनेला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या.
दोघी हसल्या, इतक्या, की सुनेच्या सुपातली तंबाखू सांडली
माझ्या कागदावर.
भाषांतर कुणी करून दिलं नाही.
“परत आले तेव्हा मात्र झालं तसं,” थोड्या वेळानं म्हणाल्या.
“महिनाभर पीठ मी त्यांना सोडूनच मळायची.
ताटावर येऊन बसले की आठवायचं,
अरे, हे आहेत.”

“हे सात म्हणजे वार का?”
नाही, म्हणजे किती पटतं ते…
“वारच बरे. शनिवारी माल देऊन येते,
छाट किती निघाली ते विचारतसुद्धा नाहीत. एक लिहा.
रविवारी चहा आपणच टाकतात, तर पाच.
आणि पाणी येतं त्या रात्री
दोन वाजता, मला न उठवता, घागरी लावतात.
त्याला किती, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही शिकलेल्या.”

मी शिकलेली.
हा फॉर्म मी आधी स्वतःवर भरून पाहिला होता,
पंधरा दिवसांनी पुन्हा.
दोन्ही वेळचे गुण जुळले तर मापावर भरवसा ठेवायचा,
असा नियम आहे.
पहिल्यांदा भरला तेव्हा तू हैदराबादहून निघाला होतास.
दुसऱ्यांदा, तू निघणार नव्हतास
आणि कारण सांगितलं नव्हतंस.
माझ्यातून दोन बायका निघाल्या.
एक निर्धास्त.
दुसरीसाठी जो शब्द आहे तो मी तक्त्यात लिहिला,
खोडला,
आणि कागद ‘नमुना क्रमांक शून्य’ म्हणून
फाइलच्या तळाशी सरकवला.

फॉर्मात नसलेला एक प्रश्न विचारला:
फरम्याबाहेर उरलेल्या पानाचं काय करता?
“चुलीला. त्यांच्या आंघोळीचं पाणी तापतं.”

अंबादास गाजूल आले. चपला काढताना म्हणाले,
“काय मोजताय?”
“तुम्हाला,” बाई म्हणाल्या.
“किती भरलो?”
कुणीच काही बोललं नाही.
ते उंबऱ्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून,
आणि हात मागे नेऊन चाचपत
बाईंच्या सुपातून दोऱ्याची गुंडी उचलली.
ती नेमकी कुठे असते हे त्यांना माहीत होतं.

घरी गुण मांडताना
एकोणिसाव्या विधानापुढे तंबाखूचा डाग सापडला,
तीन आणि चारच्या मधोमध.
चार धरला. मग साडेतीन.
संगणक अपूर्णांक घेत नाही.

रात्री आमच्याकडेही पाणी आलं, पाचव्या दिवशी.
उठले.
सगळी भांडी भरली,
तांब्यासुद्धा.